सतरा दिवसांचा पाहुणा

परमुलखात नव्याने गेलेल्या माणसाने घरी धाडलेली पहिली पत्रे मोठी वाचनीय असतात. त्यांत नव्या मुलखापेक्षा त्याचे जुने घरच अधिक दिसते. येथे काय आहे यापेक्षा काय नाही, याचीच मोजदाद फार. असे एक पत्र सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्याहून इंग्लंडास गेले. ते लिहिणारा तरुण मिशनरी म्हणजे टॉमस स्टीफन्स, ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता. पुराणाचे नाव पुष्कळांच्या कानांवर असते. हे पत्र मात्र थोड्यांनीच वाचलेले असते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच गलबते निघाली. त्यांत हा तिशीतला जेझुइट होता. अन्नपाण्याच्या टंचाईने लोकांच्या हिरड्या सुजल्या, पाय सुजले, हातपाय हलेनासे झाले. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली. आणि इतर सफरींच्या मानाने ही हानी थोडीच, असे जाणते म्हणाले! २४ ऑक्टोबरला गलबत गोव्यास लागले आणि १० नोव्हेंबरला स्टीफन्सने वडिलांना पत्र लिहिले. म्हणजे पाहुणा अवघा सतरा दिवसांचा.

पत्राचा बहुतेक भाग समुद्रानेच व्यापला आहे. गोव्याचे वर्णन शेवटी, चार ओळींत. लोक सावळे आहेत, गोरगरीब कमरेपुरते वस्त्र नेसतात. युरोपातले एकही झाड येथे दिसले नाही. द्राक्षाचा वेल तेवढा ओळखीचा, पण तोही येथे कुचकामाचा, दारू पोर्तुगालहूनच येते. पिण्यास चांगले पाणी आहे, माडाची दारू आहे. एवढेच! माणसे काय बोलतात, कशी बोलतात, याविषयी अक्षर नाही. डोळे उघडले होते, कान अजून उघडायचे होते.

पुढे चार वर्षांनी, १५८३ च्या ऑक्टोबरात, त्याने भावाला पत्र लिहिले. त्यात प्रथम या देशाच्या भाषा येतात. त्यांचा उच्चार कानाला गोड लागतो आणि त्यांची रचना ग्रीक-लॅटिनशी नाते सांगते, असे तो नोंदवतो. विल्यम जोन्सने संस्कृतविषयी असाच विचार मांडून विद्वानांना चकित केले ते १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनंतर.

गाणे शिकवणाऱ्याला यात नवल वाटत नाही. नवा विद्यार्थी प्रथम आपल्या ओळखीचेच सूर शोधतो. कोमल आणि शुद्ध यांतला भेद त्याला सांगून कळत नाही, ऐकून ऐकूनच कळतो. स्टीफन्सने रोमन लिपीत आपले शब्द लिहिले, तेव्हा ‘ळ’साठी त्याने ‘ल’चे अक्षर दोनदा घातले, ‘ठ’साठी ‘ट’चे. त्याच्या मायबोलीत हे वर्ण नव्हते. पण ते निराळे आहेत हे त्याच्या कानाने ओळखले होते. हा कान सतरा दिवसांत तयार होत नाही.

या कथेची काळी बाजू झाकण्याचे कारण नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्येच पाडली गेली होती, इन्क्विझिशनचा धाक होता, आणि बाटलेल्या लोकांचे जुने ग्रंथही त्यांच्यापासून तुटले होते. ती पोकळी नसती तर नव्या पुराणाची मागणीही झाली नसती. स्टीफन्स त्याच सत्तेच्या आश्रयाने आला होता. परंतु त्या सत्तेने १६८४ मध्ये देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले, आणि तिच्या या पाद्रीने मात्र आयुष्याची चाळीस वर्षे त्याच भाषा शिकण्यात घालविली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. दोन भाग, ओव्या जवळजवळ अकरा हजार. ओवी हा मुळी डोळ्यांनी वाचण्याचा प्रकारच नव्हे. ती म्हणायची असते, आणि ही ओवी चर्चमध्ये लोकांपुढे म्हटली जात होती. त्यात मराठीची थोरवी सांगताना तो मोगरा आणतो, मोर आणतो, कल्पतरू आणतो. ज्याला एके काळी येथले एकही झाड ओळखता आले नव्हते, त्याला आता उपमेसाठी येथलीच फुले आणि झाडे सुचतात! १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. इंग्लंड त्याने पुन्हा पाहिले नाही. त्याचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले.

आम्हा इंदूरकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. होळकरांबरोबर मराठी या माळव्यात आली तीही पाहुणी म्हणूनच. आज विजयनगरातल्या मराठी घरांत मुलांची शाळा इंग्रजीत, खेळणे हिंदीत. अभंग शिकवू लागलो की ‘ळ’च्या जागी सरळ ‘ल’ येतो. आपल्याच आजीच्या भाषेत ही मुले सतरा दिवसांची पाहुणी आहेत. त्यांना हसू नये, रागावूही नये. त्यांच्या कानावर मराठी पडू द्यावी. रोज आणि भरपूर. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला जे साधले, ते घरच्या लेकरांना न साधण्याचे काही कारण नाही.