फुगलेल्या माथ्याचा कपॅसिटर

बंद पडलेल्या पॉवर सप्लायचे झाकण उघडताच जी दाटीवाटीची वस्ती दृष्टीस पडते, तिचा नकाशा सर्किट बोर्डावरच पांढऱ्या अक्षरांत छापलेला असतो: ‘आर’ म्हणजे रेझिस्टर, ‘सी’ कपॅसिटर, ‘डी’ डायोड. मात्र स्पर्शाची घाई नको; २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश होऊन मोठ्या कपॅसिटरात सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तेथे ठाण मांडून बसतो. फ्यूज काळवंडला असेल, तर डायोड व स्विचिंग ट्रान्झिस्टर मीटरने तपासल्याखेरीज नवा घालणे व्यर्थ. फ्यूज शाबूत असून आउटपुटकडील कपॅसिटरचा सपाट माथा पुरीसारखा फुगला असेल, तर माझ्या मते गुन्हेगार बहुधा तोच. नवा बसवताना मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा अधिक, आणि ऋणखुणेचा पट्टा जुन्याच दिशेस.