भयपटांची पोस्टरे : निजाम सर्किट ते संग्राहकाची फाइल

चित्रपटाचे भित्तिपत्रक, म्हणजे रोजच्या बोलण्यातले पोस्टर, हे मुळात आठवडाभराच्या धंद्यासाठी छापलेले साधन असल्याने ते जपून ठेवावे असे ना छापणाऱ्याला वाटले ना डकवणाऱ्याला. आणि भयपटांची पोस्टरे तर घरात आणण्याजोगीही मानली जात नसल्याने ती टिकण्याची शक्यता आणखीच कमी होती. आज त्यांना संग्राहक लाभले आहेत, ते कलेच्या कदरीपेक्षा वितरकांच्या गोदामांत पडून राहिलेल्या मालामुळे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

महाराष्ट्रात या कलेची परंपरा कोल्हापूरची. बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे पोस्टर भारतातील उपलब्ध पोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाते, आणि पुढे ‘मुघल-ए-आझम’ची पोस्टरे रंगवणारे जी. कांबळे हेही कोल्हापूरचेच. भयपट मात्र या परंपरेच्या कडेलाच राहिला. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२) यांत भय सूचक होते. ते उघडेवाघडे, भडक रंगांत भिंतीवर आणले रामसे बंधूंनी. महाबळेश्वरला चित्रित झालेला ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), मग ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) यांचा प्रेक्षक मुख्यतः लहान शहरांत व तालुक्याच्या गावांत होता, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासकारांनी बरीच उशिरा ध्यानात घेतली.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ, गंगाखेड, पाथरी हा सारा मुलूख चित्रपट-व्यवसायात ‘निजाम’ सर्किटमध्ये मोडत आला. सर्किट म्हणजे वितरणाचे हक्क विकण्यासाठी आखलेला प्रदेश. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपले, मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तरी धंद्यातील ही सीमा पुसली गेली नाही. चित्रपटाच्या पेटीबरोबर पोस्टरांच्या घड्याही येत. त्यांवर नाव पुष्कळदा देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत असे. जे पोस्टर खळ लावून भिंतीवर चढले ते पावसाने किंवा त्यावर डकवलेल्या पुढच्या पोस्टराने संपले. जे घडीतच राहिले तेवढेच आज संग्राहकाच्या हाती लागते.

नेहमीचे पोस्टर ३० बाय ४० इंचांचे. घडी घालून ठेवल्याने त्याच्या दुमडींवर शाई तडकते, आणि जिथे दोन दुमडी एकमेकींना छेदतात तिथे कागदाला प्रथम भोक पडते. अस्सलपणाची एक ढोबळ कसोटी इथेच हाती येते: जुन्या पोस्टरवरून काढलेल्या नव्या प्रतीत दुमडीची रेघ डोळ्यांना दिसते, पण बोटाला लागत नाही.

भुताच्या पोस्टरांचा संग्रह म्हटला की जपानचेही नाव निघते. १८२५ च्या काबुकी नाटकावरून नोबुओ नाकागावा यांनी केलेला ‘योत्सुया कैदान’ (१९५९), कानेतो शिंदो यांचा ‘ओनिबाबा’ (१९६४), नोबुहिको ओबायाशी यांचा ‘हाउस’ (१९७७) यांची पोस्टरे परदेशी संग्राहकही शोधत असतात. तिथला प्रचलित आकार ‘बी टू’, म्हणजे ५१.५ बाय ७२.८ सेंटिमीटर. पण जपानचा खरा उपयोग आपल्या संग्राहकाला वेगळाच आहे. कोझो या झाडाच्या सालीपासून तिथे तयार होणारा लांब तंतूंचा पातळ कागद फाटक्या पोस्टरला मागून लावतात, आणि तो चिकटवायला गव्हाच्या पिष्टाची शुद्ध खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. चिकटपट्टी लावणे हा मात्र निव्वळ अडाणीपणा होय. तिचा पिवळा डाग कागदात उतरला की सहसा निघत नाही.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. तिथे चित्रपटांबरोबरच पोस्टरे, छायाचित्रे व गाण्यांची पुस्तकेही जतन होतात. मराठवाड्यातील ज्या घरांत बंद पडलेल्या टॉकीजचे सामान अजून माळ्यावर असेल, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा त्या संग्रहालयाला विचारावे.