सांध्यात मुरलेलं पाणी

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत २४,००० फुटांवर उडालं. एक हवाईसेविका गेली. तरीही वैमानिकांनी विमान माउईला सुखरूप उतरवलं, केवढं धैर्य!

मुळाशी होता विमानाच्या पत्र्यांमधला एपॉक्सी गोंदाचा सांधा. एपॉक्सी मुरवलेलं कापड थंडीत साठवत. बाहेर काढलं की त्यावर दव धरायचं. ओलीमुळे पत्रे नीट चिकटले नाहीत, ॲल्युमिनियम गंजलं, भार रिव्हेटांवर आला, भोकांपाशी तडे गेले.

बरं, घट्ट झालेलं एपॉक्सीही पाणी शोषतंच. रेणू पॉलिमरच्या साखळ्यांत शिरतात आणि ते कमी तापमानालाच मऊ पडतं. खरा घात मात्र धातूलगत होतो: पाणी गोंदाला बाजूला सारून ऑक्साइडच्या थराला स्वतःच बिलगतं. म्हणूनच चिकटवण्याआधी पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ हवा आणि वर सिलेनचा प्रायमर.