मृगातला तेजोमेघ : नवी मुंबईच्या गच्चीवरून

रमजानचा किंवा ईदचा चाँद पाहायला आपण सारे गच्चीवर जातो. चाँद दिसला की मुबारकबाद देत खाली उतरतो. बाकीचे आकाश तसेच राहून जाते. ‘इथे एवढे दिवे, तारे कुठले दिसणार?’ असे नवी मुंबईतल्या मुलांनाही आता वाटू लागले आहे. हा समज खोटा ठरवणारी एक गोष्ट दर हिवाळ्यात आपल्या माथ्यावर येते. ती म्हणजे मृग नक्षत्रातला तेजोमेघ.

जानेवारीअखेरीस, इशाच्या नमाजनंतर साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उंच पाहावे. एका ओळीत तीन तारे दिसतील. आपल्याकडे त्यांना मृगाला लागलेला बाण म्हणतात. अरबांनी या आकृतीला अल-जौझा म्हटले आणि या ताऱ्यांना तिचा कमरपट्टा. आज जगभर चालणारी नावे त्यातूनच आली. मिंटाका आणि अलनिटाक म्हणजे पट्टा, अलनिलम म्हणजे मोत्यांची माळ, रिगेल म्हणजे पाय. पट्ट्याखाली छोट्या ताऱ्यांची एक ओळ लोंबते. तिच्यातला मधला धूसर ठिपका म्हणजेच आपला तेजोमेघ.

हा वायू आणि धुळीचा प्रचंड ढग आहे. त्यात आजही नवे तारे जन्मतात. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १,३०० वर्षे लागतात. आज डोळ्यांत उतरणारा हा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा हिजरी सनाचे पहिले शतक सरत आले होते.

अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी दहाव्या शतकात, दुर्बीण नसताना, देवयानीतल्या ‘लहान ढगा’ची नोंद केली. मृगातला ढग दुर्बिणीतून प्रथम टिपला तो १६१० मध्ये फ्रान्सच्या पेरेस्क यांनी. त्याचे पहिले छायाचित्र अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये काढले. आपले पुणेही मागे नव्हते. तिथल्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी नायगमवाला यांनी वेधशाळा उभारली आणि दुर्बिणीतून १८९१ च्या सुमारास याच तेजोमेघाच्या प्रकाशाचा अभ्यास केला.

आम्ही नेरुळच्या गच्चीवर पाच इंची दुर्बीण लावली. भिंग कमी शक्तीचे घेतले आणि गच्चीवरचा दिवा मालवून वीस मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दिली. मग पंख पसरल्यासारखा राखाडी ढग दिसला आणि त्याच्या मध्यात चार चिमुकले तारे. थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली, की ढग आणखी पसरलेला दिसतो. आमच्यातल्या धाकटीने लगेच विचारले, “फोटोत तर गुलाबी असतो, इथे रंग कुठे गेला?” मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही. कॅमेरा मात्र प्रकाश साठवतो, म्हणून हायड्रोजनची लाली त्यात उतरते.

फोटोसाठी मोबाइल दुर्बिणीच्या भिंगावर घट्ट बसवणारा होल्डर घ्यावा आणि टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त वेळ शटर उघडे ठेवले तर तारे लांबट येतात. म्हणून एक-दोन सेकंदांचे पुष्कळ फोटो काढून ते संगणकावर एकावर एक रचावेत. त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. शहराच्या उजेडाने आलेला पिवळसरपणाही त्यात बराच कमी करता येतो. पहिला फोटो पुसट आला तरी निराश होऊ नये. इथे सबुरीच कामी येते.

रात्र निवडायला आपले चांद्र कॅलेंडर पुरेसे आहे. महिन्याच्या २५ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत संध्याकाळचे आकाश अंधारे असते. ऑक्टोबरात पाहायचे असेल, तर फजरच्या थोडे आधी उठावे. दुर्बीण नसेल तर साधी बायनॉक्युलरही चालेल. अधिक अंधार हवा असेल, तर खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. एकच ताकीद : यांपैकी कशातूनही सूर्याकडे कधीही पाहू नये, डोळे कायमचे जाऊ शकतात.

अलनिटाक, रिगेल ही नावे आपल्या मुलांना परकी वाटू नयेत. ती पाठ करून घेण्याची गरज नाही. सोसायटीला विनंती करून गच्चीवरचे दिवे तासभर बंद ठेवावेत आणि मुलांना वर न्यावे. ढग त्यांचा त्यांनाच सापडू द्यावा.