मिक्सर कोणत्या सुरात ओरडतो?

सकाळी सात वाजता बदलापूरच्या बेलवली भागातल्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात उभे राहा. डब्यांची घाई चाललेली असते. पहिल्या मजल्यावर नारळाची चटणी, तिसऱ्यावर दाण्याचं कूट. घर्रर्रर्र! बदलापूर स्टेशनातून लोकल गेली तरी कळत नाही.

एवढासा मिक्सर एवढा ओरडतो का? त्याला काम तसंच अवघड दिलंय. १९६३च्या सुमारास मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरांनी ‘सुमीत’ मिक्सर बनवला, तो आपली हळद, मिरची, भिजवलेली डाळ वाटता यावी म्हणून. परदेशी मिक्सरची मोटर त्यात जळायची. मग दणकट मोटर आली, आणि तिच्याबरोबर आवाजही आला.

आता गणित करू. मोटर मिनिटाला १८,००० फेरे घेते असं धरा. भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ३०० फेरे. हवा सेकंदाला ३०० वेळा थरथरली की जो सूर निघतो, तो पेटीवरच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या अगदी जवळचा! पात्याला चार टोकं असतील तर १,२०० थरथरींचा आणखी एक, चढा सूर. त्यात मोटरमधल्या कार्बनच्या ब्रशची घासाघीस मिसळते.

शिवाय ओटाही गातो. मिक्सर चालू असताना ओट्यावर तळहात टेकवा, मुंग्या आल्यासारखं वाटेल. शेजारची स्टीलची वाटी तर नाचायलाच लागते. मिक्सरला रबरी पाय असतात ते हा थरथराट ओट्यात उतरू नये म्हणून. पाय झिजले की आवाज वाढतो. खाली टॉवेल मात्र घालू नका, तळाची हवेची भोकं बुजतात आणि मोटर तापते.

छताच्या पंख्याचं काय? तीन पाती, सेकंदाला पाच फेरे, म्हणजे १५ थरथरी. आपल्या कानांना साधारण २०च्या खालचं ऐकूच येत नाही! पंख्याचा ऐकू येतो तो हवेचा सळसळाट आणि मोटरची गुणगुण.

सूर कानांच्या हद्दीबाहेर ठेवायची ही युक्ती वरच्या टोकालाही चालते, आणि मला ती फार आवडते. २०१६ साली डायसन कंपनीने केस वाळवायचा ड्रायर आणला. त्याची मोटर मिनिटाला १,१०,००० फेरे घेते. इंजिनिअरांनी तिच्या पंख्याला नेहमीच्या ११ऐवजी १३ पाती लावली. गुणाकार करा: सेकंदाला सुमारे २३,८००! माणसाचा कान २०,०००पाशी थांबतो. तो सूर आहे तिथेच आहे, फक्त आपल्या कानांच्या पलीकडे गेलाय. कुत्र्याला मात्र ४०,०००पर्यंतचं ऐकू येतं, त्यामुळे त्याच्यासाठी ड्रायर तेवढा शहाणा नाही.

तुमच्या मिक्सरच्या तळाशी एक पट्टी असते. मोठ्यांना प्लग काढायला सांगा, मिक्सर उलटा करा आणि पट्टीवर आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे याचा, आकडा सापडतो का बघा. पुढचं गणित तुम्हाला येतंच.