नावे अनेक, प्रथिन एकच!

माहेरची सुमन लग्नानंतर मीनल झाली. दवाखान्यातले जुने कागद एका नावाने, नवे दुसऱ्या. रुग्ण एकच आहे, हे नव्या डॉक्टरांना कसे कळावे?

रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनातही असाच घोटाळा झाला होता. एका प्रयोगशाळेला प्रतिपिंडे तयार करायला लावणारे प्रथिन सापडले, दुसरीला यकृताच्या पेशींना चेतवणारे, तर तिसरीला ते इंटरफेरॉनचाच प्रकार वाटले. प्रत्येकीने वेगळे नाव ठेवले. १९८६ मध्ये जपानमधील ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने त्याचे जनुक वेगळे काढले. रचना ताडून पाहिल्यावर उलगडले, की ही सारी प्रथिने एकच! नाव ठरले इंटरल्यूकिन-६. त्याचे काम रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध संधिवातावर वापरले जाते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर कोविडसाठीही त्याची शिफारस केली.

आता माहितीचे डोंगर संगणकात साठले आहेत आणि संगणकाला तर नुसती अक्षरे कळतात. म्हणून शास्त्रज्ञ 'ऑन्टॉलॉजी' म्हणजे संज्ञांची वंशावळच तयार करतात. प्रत्येक संज्ञेला एक क्रमांक असतो, त्याखाली तिची सगळी टोपणनावे आणि नातीही. टी-पेशी ही लिम्फोसाइटचा प्रकार, लिम्फोसाइट ही पांढरी पेशी. त्यामुळे पांढऱ्या पेशींची माहिती शोधली, की टी-पेशींच्या नोंदीही आपोआप हाती येतात. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांपासून अशा एका मोठ्या कामाला सुरुवात झाली.

घरच्या फाइलचेही तेच. सर्व कागदांवर एकच नाव असेल, तरच जुना आजार नव्या डॉक्टरांना दिसेल.