शिळ्या रोडग्याचा चुरमा

रोडगा हा वऱ्हाडातला गव्हाचा भाजलेला पदार्थ. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती या जिल्ह्यांत तो शेतावरच्या जेवणात, देवाच्या नवसात आणि भंडाऱ्याच्या पंगतीत हमखास असतो. लोणार, मेहकर, सिंदखेड राजा या पट्ट्यातही त्याची रीत तीच आहे. संध्याकाळी गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायचे, ते वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे आणि उरलेल्यांचा दुसऱ्या दिवशी सकाळी तूप-गूळ घालून चुरमा करायचा. म्हणजे एकाच कणकेतून रात्री तिखट जेवण आणि सकाळी गोड न्याहारी निघते. चुरम्याची चव मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: पिठाचा भरडपणा, रोडग्यातले पदर आणि मधली रात्र.

रोडग्याला पोळीचे बारीक पीठ चालत नाही. गहू रव्यापेक्षा बारीक, पण बोटांना कण लागतील इतका जाडसर दळून आणतात. बाजारात ‘लोकवन’ म्हणून मिळणारा गहू, म्हणजे गुजरातमधल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तयार झालेला लोक-१, यासाठी चांगला असतो. चार वाट्या पिठाला अर्धी वाटी कडकडीत तेलाचे मोहन आणि चवीपुरते मीठ पुरते. मोहन पिठाला हाताने चोळून लावतात. मूठ दाबल्यावर पिठाचा मुटका टिकला की मोहन बरोबर पडले असे समजावे. मग थोडे-थोडे पाणी घालून कणीक घट्ट मळतात. जाड कण पाणी सावकाश शोषतात, त्यामुळे अर्धा तास कणीक झाकून ठेवावी लागते. मळताना सैल वाटलेली कणीक अर्ध्या तासाने घट्ट झालेली दिसते. म्हणून पाण्याचा हात शेवटी लावणे चांगले.

काही घरांत कणकेत चिमूटभर खायचा सोडा टाकतात. लोणारच्या बाबतीत या चिमटीला वेगळा संदर्भ आहे. काळ्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले तिथले सरोवर अल्कधर्मी आहे आणि त्याच्या खारात सोडियम कार्बोनेट भरपूर असते. हा खार पूर्वी काढला जाई. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त लोणारच्या परिसराचे वर्णन करताना काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या खाराचा उल्लेख येतो. पापडखारही याच जातीचा क्षार आहे. खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्याहून सौम्य असतो. कणकेत तो दोन कामे करतो: तापल्यावर वायू सोडून गाभा थोडा हलका करतो आणि कणीक अल्कधर्मी करून वरचे कवच लवकर तांबूस करतो. प्रमाण वाढले तर मात्र चवीला साबणाची झाक येते आणि पीठ पिवळट पडते. ज्या रोडग्यांचा चुरमा करायचा आहे, त्यांत सोडा न टाकणेच बरे, कारण गोडात ही झाक तिखटापेक्षा लवकर कळते.

कणीक मुरली की पदर घालण्याचे काम सुरू होते. एका रोडग्यासाठी एक मोठी आणि तीन लहान पुऱ्या लाटतात. लहान पुऱ्यांना तेल लावून, वर कोरे पीठ भुरभुरून त्या एकावर एक ठेवतात. ही चळत मोठ्या पुरीच्या मधोमध ठेवून तिच्या कडा वर ओढतात आणि तोंड चिमटून बंद करतात. मग दोन्ही तळव्यांत फिरवून उंडा गोल करतात. चार वाट्या पिठाचे असे सहा रोडगे होतात. तेलामुळे दोन पदरांतली कणीक एकमेकीला चिकटत नाही, आणि भाजताना आत तयार होणारी वाफ याच फटींतून वाट काढते. पदर नसलेला गोळा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. पदरांच्या रोडग्यात उष्णता गाभ्यापर्यंत पोचते. त्यांचा दुसरा उपयोग दुसऱ्या दिवशी दिसतो. एकसंध गोळा कुटला तर त्याचे दगडासारखे खडे होतात. पदरांचा रोडगा आधी पापुद्र्यांत सुटतो आणि मग त्याचा एकसारखा चुरा होतो.

भाजण्यासाठी मोकळ्या जागेत गोवऱ्या रचून जगरा पेटवतात. ज्वाळा असताना रोडगे टाकत नाहीत. धूर पूर्ण थांबला, गोवऱ्या लाल होऊन त्यांवर राखेचा पांढरा थर चढला की जगरा तयार झाला. आधी रोडगे निखाऱ्यांवर ठेवून सतत फिरवतात, म्हणजे सगळीकडून कातडे धरते. अंगावर ठिपके उठले आणि बोटाने दाबल्यावर खळगा पडेनासा झाला की ते गरम राखेत, म्हणजे फुफाट्यात, पुरतात. वरून निखारे ओढून अर्धा-पाऊण तास तसेच ठेवतात. या अवस्थेत घाई चालत नाही, कारण फुफाट्याची उष्णता मंद असते आणि ती सगळीकडून सारखी लागते. शिजलेल्या रोडग्याला भेग पडते आणि टिचकी मारली तर आवाज पोकळ येतो. मग तो बाहेर काढून जाड फडक्यात घेऊन झटकतात, राख पुसतात आणि तुपात बुडवतात. चुरम्यासाठी ठेवायचे रोडगे तुपात बुडवत नाहीत. शहरात हेच काम बाटीच्या ओव्हनमध्ये किंवा साध्या ओव्हनमध्ये १८० ते २०० अंश सेल्सियसवर पाऊण तासात होते. मात्र गोवरीच्या धुराचा वास त्याला येत नाही.

रोडग्याला नवसाचे स्थान जुने आहे. संत एकनाथांच्या प्रसिद्ध भारुडात सासरच्या जाचाला कंटाळलेली सून भवानीला रोडग्याचाच नवस बोलते. नवसाच्या किंवा भंडाऱ्याच्या पंगतीत रोडगे अंदाजापेक्षा जास्तच भाजले जातात, कारण पेटवलेला जगरा पुन्हा पेटवणे परवडत नाही. त्यामुळे उरलेला रोडगा हा या पद्धतीचाच भाग आहे आणि चुरमा त्या उरण्यातून आला आहे.

रात्रभर ठेवलेल्या रोडग्यात जे घडते, ते केवळ वाळणे नसते. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. थंड होताना त्याचे रेणू पुन्हा एकमेकांलगत येऊन घट्ट रचना करतात आणि गाभा कडक होतो. पाणी न उडताही भाकरी-पाव शिळे होतात, आणि पुन्हा गरम केले की बऱ्याच अंशी मऊ होतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो याने १८५२ मध्ये प्रयोगाने दाखवले. ही घट्ट होण्याची क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने चालते, आणि साधारण ६० अंशांच्या वर तापवल्यावर मोठ्या प्रमाणात उलटते. चुरम्याला या दोन्ही गोष्टी लागतात. कुटताना रोडगा कडक हवा, कारण ताजा रोडगा कुटला तर ओलसर, चिकट गोळे होतात. खाताना मात्र तो मऊ हवा, म्हणून कुटल्यावर तुपात परतायचा. रोडगे रात्री सुती फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवतात. हवाबंद डब्यात त्यांना पाणी सुटते आणि बुरशी लागण्याची भीती असते.

सकाळी रोडगा प्रथम हाताने फोडतात आणि कवचावरचे करपलेले भाग सुरीने खरवडून काढतात. हे टाळले तर चुरमा कडवट लागतो. तुकडे खलबत्त्यात किंवा पाट्यावर कुटतात. मिक्सर वापरायचा तर तो थांबून-थांबून फिरवतात, कारण सलग फिरवल्यास पीठ होते. चुरा मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून वर राहिलेले खडे पुन्हा कुटतात. तीन रोडग्यांच्या चुऱ्याला अर्धी वाटी तूप आणि सव्वा वाटी चिरलेला गूळ लागतो.

कढईत तूप गरम करून चुरा मंद आचेवर परततात. सुरुवातीला तूप चुऱ्यात नाहीसे होते. पाच-सात मिनिटांत चुऱ्याचा रंग एक छटा गडद होतो, खमंग वास सुटतो आणि उलथन्याला चुरा हलका लागतो. तेव्हा कढई उतरवतात. गूळ घालण्याची वेळ इथे महत्त्वाची. आचेवर घातला तर गुळाचा पाक होतो आणि निवल्यावर चुरम्याचे दगड होतात. चुरा पूर्ण थंड झाल्यावर घातला तर गुळाचे खडे वेगळे राहतात. चुऱ्यात बोट ठेवता येईल इतका तो कोमट असताना गूळ घालून दोन्ही तळव्यांत चोळतात, म्हणजे गूळ अर्धवट वितळून प्रत्येक कणाला लागतो. शेवटी वेलची, चिमूटभर सुंठ आणि थोडे जायफळ घालतात. मूठ दाबली की मुटका व्हावा आणि बोटाने टोचला की मोडावा, ही चुरम्याची परीक्षा. तूप थोडे वाढवले की याच मिश्रणाचे लाडू वळतात. कणकेतले मीठ गुळाचा गोडवा उठावदार करते, म्हणून चुरम्यात वेगळे मीठ घालत नाहीत.

शिळ्या रोडग्याचे काप करून दुधात भिजवून परतण्याची रीतही सोपी आहे. धारदार सुरीने बोटभर जाडीचे आडवे काप काढले की पदरांची वर्तुळे दिसतात. कोमट दुधात गूळ विरघळवून त्यात काप भिजवतात. दूध उकळते असेल तर गुळामुळे ते फाटू शकते, म्हणून आधी निववावे. भरड गहू दूध हळू पितो. पावाला जिथे अर्धे मिनिट पुरते तिथे रोडग्याच्या कापाला पाच-सात मिनिटे लागतात. मग तव्यावर तूप सोडून मध्यम आचेपेक्षा थोड्या कमी आचेवर दोन्ही बाजू तांबूस करतात. गुळामुळे काप पटकन करपतात, म्हणून आच वाढवू नये. अंडे खाणाऱ्या घरांत दोन वाट्या दुधात एक अंडे फेटून घालता येते. ते तापल्यावर गोठते आणि मऊ झालेले काप उलटताना तुटत नाहीत. दुधात दालचिनीची पूड घातली तर गव्हाच्या खमंगपणाशी ती चांगली जुळते. 

शिळ्या भाकरी-पावाला दूध, स्निग्धांश आणि गोडी देऊन पुन्हा पानात आणण्याची रीत जगभर आहे. अपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाकग्रंथात पाव दुधात भिजवून, तळून, वर मध ओतण्याची कृती आहे. फ्रान्समध्ये याच प्रकाराला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, स्पेनमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळात ‘तोर्रिखास’ करतात, आणि इंग्रजीतून तो आपल्याकडे फ्रेंच टोस्ट म्हणून आला. अमेरिकेत दालचिनी-साखर भरून गुंडाळलेल्या रोलचेही शिळे काप असेच अंड्या-दुधात भिजवून परततात. त्यात पदर आणि गोडी आधीपासूनच असतात. तिथे दालचिनी कणकेत न मळता पदरांत भरतात, कारण ती यीस्टची वाढ मंदावते. लोणारच्या जवळचे उदाहरण हैदराबादचे आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याच्या राजधानीत तळलेल्या पावाचे तुकडे पाकात आणि दुधात मुरवून ‘डबल का मीठा’ होतो. मात्र हे सगळे पदार्थ मैद्याच्या, फुगवलेल्या पावाचे आहेत. रोडग्याचा चुरमा जाडसर गव्हाचा असल्याने तो दाताखाली लागतो आणि पोटाला जास्त वेळ आधार देतो.

कोरडा चुरमा झाकून ठेवला तर दोन-तीन दिवस चांगला राहतो. दुधात भिजवलेले काप मात्र त्याच सकाळी संपवावेत. न कुटलेला रोडगा थंडीत दोन दिवस टिकतो. पावसाळ्यात दुसऱ्या सकाळीच वापरावा, आणि आत ओलसर धागे सुटताना दिसले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यावा. रोडगे करतानाच चुरम्याचा विचार केला तर काम सोपे होते: चार रोडग्यांपुरती कणीक सोड्याशिवाय वेगळी मळावी, ते फुफाट्यात थोडे जास्त वेळ ठेवावेत आणि तुपात न बुडवता बाजूला काढावेत. सकाळचा चुरमा त्यांचाच करावा.